सात शब्दांचं वाक्य

मधुसूदन सरांचं एक ठरलेलं म्हणणं होतं. पोरगं हसलं की समजा धडा डोक्यात बसला. जो धडा हसवत नाही, तो घंटा होईपर्यंतसुद्धा टिकत नाही. दिग्रसपासून बारा किलोमीटरवरच्या एका गावातल्या शाळेत ते तीस वर्षं विज्ञान शिकवत आले होते, आणि या तीस वर्षांत त्यांनी एकही यादी नुसती यादी म्हणून पाठ करायला लावली नाही. महिन्यांचे दिवस मुठीच्या हाडांवर मोजायचे. ग्रह जेवणाच्या पंगतीत बसवायचे: सूर्य म्हणजे चूल, बुध चुलीला खेटून म्हणून घामाघूम, आणि नेपच्यून पार दाराशी, त्याच्या पानात वरण पडेपर्यंत थंडगार. पोरं हसायची आणि ग्रह जन्मभर जागचे हलत नसत. सर अशा युक्तीला खुंटी म्हणायचे. "उघड्या भिंतीवर सदरा टांगता येतो का रे? खुंटी लागते!" हे वाक्य गावातल्या दोन पिढ्यांनी ऐकलं होतं.

आणि खुंटी ठोकायची तर वर्गातल्याच पोरांच्या नावांनी, हाही त्यांचा शिरस्ता. पुस्तकातला राम आणि श्याम कोणाच्या लक्षात राहतो? बाजूच्या बाकावरचा पियुष मात्र राहतो. ज्याचं नाव सरांच्या वाक्यात यायचं, तो दिवसभर मान ताठ करून फिरायचा. पोरं हट्ट करायची, "सर, माहं नाव टाका ना!" सरांना यात कधी काही वावगं वाटलं नाही. तुम्हांआम्हांलाही वाटलं नसतं.

ती मार्चमधली दुपार होती. आठवीची उजळणी चालली होती आणि सजीवांच्या वर्गीकरणाची उतरंड काही केल्या पोरांच्या तोंडी बसत नव्हती. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. कोणी गण आधी म्हणे, कोणी कुल. अर्धा वर्ग पेंगत होता. खिडकीबाहेर सायकल स्टँडवर साकेतची नवी गिअरची सायकल उभी होती. साकेत पोस्टमास्तरांचा मुलगा, बाहेरगावाहून बदली होऊन आलेलं घर. सरांनी खडू उचलला, सृष्टी आणि संघ यांच्या पहिल्या अक्षरांसाठी 'साकेत सायकलनं' असं फळ्यावर लिहिलं आणि वर्ग जागा झाला. आता वर्गाचा 'व' हवा होता. दुसऱ्या बाकावर वैष्णवी बसली होती. गावातल्या शेतकरी बापूजींची पोरगी, वर्गात पहिली, वही अशी की परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळा वर्ग तिच्या दाराशी. सरांनी 'वैष्णवीच्या गल्लीत' लिहिलं. तेवढ्यात रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटी वाजली आणि 'कुल'चाही प्रश्न सुटला.

साकेत सायकलनं वैष्णवीच्या गल्लीत कुल्फी पोचवायला जातो.

वर्ग जो हसला म्हणता! बाकं वाजली. साकेतचे कान लाल झाले. वैष्णवी ओढणीत तोंड लपवून हसत होती, खांदे हलत होते तिचे. सरांनी सगळ्यांकडून दहा वेळा म्हणून घेतलं, आणि त्या वार्षिक परीक्षेत वर्गीकरणाचा प्रश्न एकाही पोराचा चुकला नाही. खुशीत येऊन सरांनी पुढच्या वर्षीच्या आठवीलाही तेच वाक्य दिलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. चांगली बसलेली खुंटी कोण उपटतं?

त्या मार्चनंतरच्या चौथ्या वर्षी, डिसेंबर लागता लागता, बापूजी शाळेत आले. हातात लग्नाच्या पत्रिकांची पिशवी. कुंकू लावलेली एक पत्रिका त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवली आणि खुर्ची देऊनही बसले नाहीत.

सरांनी नाव वाचलं आणि त्यांचा पारा चढला. "बापूजी, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? बारावीचं वर्ष आहे तिचं. दोन महिन्यांवर परीक्षा आली. मी स्वतः कॉलेजात विचारलंय, बायलॉजीत तिच्या जवळपास कोणी नाही. अठरा पूर्ण झाली नाही तोच..."

"मले समजते सर," बापूजी म्हणाले. "मी तं तिले शिकवणारच होतो. चाळीस पोते सोयाबीन झालं औंदा, तिच्या शिक्षणापायी काही अडलं नव्हतं."

"मग घाई कशाला?"

बापूजींनी खिडकीकडे पाहिलं. वर्गात कोणाचा तरी तास चालला होता, पाढे म्हटल्याचा आवाज येत होता. ते हळू बोलायला लागले. अकरावीपासून वैष्णवी एसटीनं दिग्रसला जायची. साकेतही त्याच गाडीला असायचा. दोघं एका बाकावरही बसत नसत. पण गावच्या आणि दिग्रसच्याही स्टँडवर ती दिसली की लहान पोरं सुरू करायची, साकेत सायकलनं वैष्णवीच्या गल्लीत. आधी लहान पोरं म्हणत होती, मग मोठी म्हणायला लागली. भाऊबंद कुजबुजायला लागले. उगाच बोभाटा नको म्हणून बापूजींनी पाहुणे पाहायला सुरुवात केली.

"पहिले पाहुणे आले अन् गेले, काही कळवलंच नाही. दुसरे आले त्याइच्यासंग सहा वर्षांचं पोट्टं होतं. बैठक चालू होती म्हनून ते बाहेर ओट्यावर खेळत होतं. गल्लीतल्या पोट्ट्याइनं त्याले शिकवून देल्लं." बापूजींनी पिशवी खाली ठेवली. "आम्ही पोहे खाऊन राह्यलो होतो सर. ते आत आलं अन् सगळ्याइसमोर म्हनून दाखवलं. एक शब्द चुकला नाही त्याचा."

सर खुर्चीतून उठले. "बापूजी, अहो ते वाक्य माझं आहे! मी केलंय ते. वर्गीकरण पाठ व्हावं म्हणून. सृष्टी, संघ, वर्ग... त्यात काही नाही हो!"

"मालूम हाये सर. वैष्णवीनं आठवीची वही काढून दाखवली मले. सगळं लिहेल हाये त्याच्यात तुमच्या सांगन्यापरमानं." बापूजी कसंनुसं हसले. "पन वही घेऊन मी कोनाकोनाच्या घरी फिरू?"

"मी येतो ना. मी सांगतो पाहुण्यांना."

"काय सांगान? का शाळेतच सुरू झालं होतं म्हनून?"

बापूजींनी पिशवी उचलली. हा तिसरा पाहुणा फुलसावंगीचा होता, महागाव तालुक्यातला. या गावाशी ज्यांचं काही जाणं-येणं नाही असं घर मुद्दाम शोधलं होतं. पोरगा बरा होता, शेती होती. "अक्षता टाकाले या सर," एवढं बोलून ते गेले.

त्या संध्याकाळी सर चौकातल्या पानठेल्यावर गेले. ठेल्यावर त्यांचाच एक जुना विद्यार्थी बसायचा, वैष्णवीच्या वर्गातला राजकुमार. सरांना पाहून त्यानं हातातली सुपारी खाली ठेवली. सरांनी जरा वेळ इकडचं तिकडचं काढलं आणि मग विचारलं, आठवीतलं वर्गीकरण आठवतं का रे?

राजकुमारचा चेहरा खुलला. "आठवते म्हंजे काय सर! साकेत सायकलनं वैष्णवीच्या गल्लीत कुल्फी पोचवायला जातो." ठेल्यावरची दोन टाळकी फिस्सकन हसली.

"बरोबर. आता साकेत म्हणजे काय, सांग."

"साकेत म्हंजे पोस्टमास्तरचा. तो बारावीले यवतमाळले गेला ना आता."

"ते नाही. वर्गीकरणात 'सा' कशाचा? सायकल कशाची?"

राजकुमारनं डोकं खाजवलं. तो खरंच आठवत होता बिचारा. "ते काहीतरी होतं सर... सायन्सचं. प्रान्यायचं होतं काहीतरी." मग त्यानं पान पुढे केलं. "पन वाक्य पहा, कसं फिट बसलं हाये!"

सरांनी आणखी तिघाचौघांना विचारून पाहिलं. डेअरीवर एकाला, पिठाच्या गिरणीत एकाला, बसस्टँडवर दोन पोरींना. वाक्य सगळ्यांना येत होतं. सृष्टी, संघ, वर्ग कोणालाच येत नव्हतं. भिंतीवरचा सदरा केव्हाच उडून गेला होता आणि नुसती खुंटी राहिली होती, आणि त्या खुंटीला ज्याला जे वाटेल ते त्यानं टांगलं होतं. सरांनी आपल्या तीस वर्षांच्या हुशारीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. 'वैष्णवीच्या' ऐवजी 'वांग्याच्या' म्हटलं असतं तरी 'व' झाला असता. विटा होत्या, वड होता, वाटाणे होते. भाषेत 'व'ची काय टंचाई होती? पण वांग्यावर पोरं इतकी हसली नसती, हेही त्यांना कळत होतं. त्यांना हसू हवं होतं. एका पोरीचं नाव एका पोराशेजारी ठेवलं की वर्ग हसतो, हे ठाऊक असूनच त्यांनी ते ठेवलं होतं. ही गोष्ट त्यांनी त्या रात्रीपर्यंत स्वतःशीही कबूल केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते आठवीच्या वर्गावर गेले आणि त्यांनी नवं वाक्य फळ्यावर लिहिलं. सर सदऱ्यावर वरणाचा गरम कुकर पाडून जातात. पोरं हसली. बरी हसली, पण मागून ढकलल्यासारखी. पहिल्या बाकावरच्या आभानं हात वर केला.

"सर, हे तं आमाले पहिलेच येते. ताईनं शिकवलं. साकेत सायकलनं..."

"ते नको," सर म्हणाले. आवाज नको तेवढा चढला होता. "ते वाक्य आजपासून बंद. विसरून जा सगळे."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत एक दबलेलं हसू सरकत आलं. सर रागावले, म्हणजे त्या वाक्यात नक्की काहीतरी आहे! इतके दिवस ज्यांना ते नुसतं गमतीचं वाटत होतं, त्यांनाही आता त्यात गोडी वाटायला लागली. सरांना हे खडू हातात असतानाच समजलं. पाठ करायच्या त्यांच्यापाशी शंभर युक्त्या होत्या, पण कोणाच्या डोक्यातून काही काढून घ्यायची एकही नव्हती. मधल्या सुट्टीत मैदानावर पोरं दोन गट करून ओरडत होती. एक गट जुनं म्हणत होता, एक नवं. जुन्याचा आवाज मोठा होता.

लग्नाला सर गेले. मांडवात बापूजी सगळ्यांना हात जोडत फिरत होते आणि कोकिळाबाई, वैष्णवीची आई, सरांना पाहून पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. मंगलाष्टकं चालू असताना वैष्णवीनं एकदा मान वर केली आणि सर दिसताच पुन्हा खाली घातली. सर जेवले नाहीत. त्यांनी आहेराचं पाकीट दिलं, गाडीवर बसले आणि घरी येईपर्यंत रडत आले. छप्पन्न वर्षांचा माणूस, रस्त्याला बैलगाडी दिसली तरी नजरेला नजर देत नव्हता.

जानेवारीच्या शेवटी सरांच्या कानावर आलं की वैष्णवीचं बारावीचं हॉल तिकीट कॉलेजात तसंच पडून आहे. फॉर्म तिनं लग्नाआधीच भरला होता. सरांना एकदम हुरूप आला. परीक्षा तरी हातची गेली नव्हती! त्यांनी बापूजींकडून चिठ्ठी घेतली, दिग्रसला जाऊन कारकुनाच्या हातापाया पडून ते तिकीट मिळवलं आणि फुलसावंगीला निघाले. पुसदला गाडी बदलताना त्यांनी सगळा हिशेब जुळवून ठेवला होता. सहा पेपर. सासरच्यांना समजावू. पेपरच्या दिवशी सकाळी आपणच न्यायला येऊ, बाहेर झाडाखाली बसू, संध्याकाळी आणून सोडू. त्या गाडीत ते कितीतरी दिवसांनी हलके होऊन बसले होते.

घर सापडायला वेळ लागला नाही. दुपारची वेळ, घरची मंडळी तूर काढायला वावरात गेलेली. वैष्णवी अंगणात सुपात दाळ पाखडत होती. सरांना पाहिलं तशी ती चटकन उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि पहिल्यांदा फाटकाबाहेर गल्लीत नजर टाकून आली. मग तिनं पाया पडून बाज टाकली.

"घरी सगळे बरे हायेत ना सर?"

"सगळे बरे आहेत. हे बघ, मी काय आणलंय!" सरांनी हॉल तिकीट तिच्या हातात दिलं. तिनं स्वतःचा फोटो पाहिला. फोटोत दोन वेण्या होत्या. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

"अभ्यास झालेला आहेच तुझा," सर भरभर बोलायला लागले. "नुसती उजळणी करायची. तुझ्या सासऱ्यांशी मी बोलतो. मीच घेऊन जाईन, मीच आणून सोडीन..."

"सर," ती म्हणाली, "सेंटर दिग्रसले हाये."

"हो. मग?"

"त्याच स्टँडवर उतरा लागन मले."

सर थांबले. "मी असेन ना बरोबर."

"तुम्ही संग असले तं अजूनच आठवन लोकायले." ती हे रागानं बोलली नाही. उदाहरण सोडवताना पुढची पायरी सांगावी तसं सरळ सांगितलं. "इथं कोनाले काही मालूम नाही सर. आमचे हे चांगले हायेत. आत्याबाई बोलतेत कधीकधी, पन चांगल्या हायेत. तिकडून कोनी आलं की मी पहिले गल्लीत कोनी ऐकत हाये का ते पाहते. माय आली तरी पाहते. वाटते, आता हे पन बोलन."

सरांनी बाजेची दोरी घट्ट धरली. जे बोलायला ते इतके दिवस शब्द जुळवत होते, ते सगळं एका वाक्यात बाहेर पडलं. "बाळा, माझं चुकलं. माझ्यामुळं तुझं सगळं गेलं."

वैष्णवीनं मान हलवली. ती हो म्हणत होती की नाही, ते सरांना कळलं नाही. ती म्हणाली, "त्या दिवशी मले लय खुशी झालती सर. तुम्ही माहं नाव घेतलं म्हनून. मी घरी जाऊन बाबाले म्हनून दाखवलं, आईले दाखवलं. गल्लीतल्या लहान पोट्ट्याइले मीच शिकवलं. मीच सगळ्याइले शिकवलं सर."

तिचे डोळे भरून आले. तिनं ते पदरानं पुसले, हॉल तिकिटाची नीट घडी घातली आणि सरांच्या हातात परत दिली. सरांनी घेतलं नाही तेव्हा तिनं ते त्यांच्या पिशवीत ठेवलं.

"वैष्णवी, असं करू नको. तुझ्या डोक्यासारखं डोकं मी तीस वर्षांत..."

"सर, तुम्ही जा आता. आत्याबाई येतीन. अन् एक मागते, देसान काय?"

"माग."

"पुन्हा येऊ नका."

सर उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं फार वाटलं, पण तो हक्क आपला राहिला की नाही ते ठरेना, म्हणून त्यांनी नुसता नमस्कार केला आणि फाटकाबाहेर पडले. समोरून तुरीच्या पेंढ्या डोक्यावर घेतलेली एक बाई येत होती. तिनं सरांकडे निरखून पाहिलं आणि ती त्याच फाटकातून आत गेली; ही आत्याबाई, वैष्णवीची सासू असणार. कुंपण कुडाचं होतं, गल्लीत सगळं ऐकू येत होतं.

"कोन होता वं तो म्हातारा?"

काही क्षण आतून आवाज आला नाही. सर चालता चालता थांबले. शाळेत असताना या पोरीनं कोणत्याही प्रश्नाला इतका वेळ कधी घेतला नव्हता.

"मालूम नाही आत्याबाई," वैष्णवी म्हणाली. "मी नाही वयखत त्याले. पत्ता पुसत होता."